रोगनिर्मूलनाच्या तीन मोहिमा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा हा गृहस्थ किमान वेतनावर नाही तर कंत्राटी कामगारांवर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. मी रोगनिर्मूलनाचा विषय सांगितला तेव्हा त्यांनी जरा चमकून माझ्याकडे पाहिले. त्यांचे चमकणे योग्यच होते. मी डॉक्टर नव्हे, कोणत्या विद्यापीठाचा पदवीधरही नव्हे. जे थोडेफार वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. परंतु ज्या रोगाने माझ्या घरातला एक धडधाकट माणूस ऐन पेरणीत खाटेला खिळवला, त्या रोगाचा इतिहास विचारण्यास पदवी लागत नाही, असे मी मानतो.

तो रोग म्हणजे नारू. इथे पन्नाशी ओलांडलेले जे श्रोते आहेत, त्यांतल्या खेड्यातून आलेल्यांना हा शब्द उच्चारताच काहीतरी आठवले असेल. तरुण मंडळींना मात्र तो सांगावा लागतो. माझ्या चुलत्यांच्या घोट्याजवळ आधी फोड आला. तो फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखे काहीतरी डोकावू लागले. आजीने त्याचे टोक एका काडीवर गुंडाळले. रोज थोडेथोडे, बोट-दोन बोटे, ती काडी फिरवायची. घाई केली आणि जंत आत तुटला की पाय सुजतो, पिकतो आणि माणूस महिनोन्‌महिने उठत नाही. काडी पायाला बांधून चुलते ओसरीवर पडून होते, समोर मृगाचा पाऊस कोसळत होता आणि तिफण गोठ्यात टेकवून ठेवलेली होती. त्या साली आमचे रान उशिरा आणि अर्धेच पेरले गेले.

आज हा रोग भारतात नाही. तो गेला, आणि गेला हे कोणाच्या फारसे लक्षातही आले नाही. देवीचा रोग गेला तेव्हा जगभर घोषणा झाली. हिवताप घालवण्यासाठी जेवढा पैसा ओतला गेला तेवढा आपल्या देशात क्वचितच दुसऱ्या एखाद्या रोगावर ओतला गेला असेल, आणि तरीही तो पूर्णपणे गेला नाही. या तीन रोगांच्या तीन मोहिमा मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. प्रत्येक मोहिमेला मी दोन प्रश्न विचारणार आहे. रोगाची भीती कोणाला वाटली, म्हणून मोहीम निघाली? आणि मोहीम उठल्यावर गावात मागे काय उरले?

हिवताप आणि परदेशी गहू

हिवतापाच्या इतिहासाशी आपल्या मुलखाचे जुने नाते आहे. मराठवाडा तेव्हा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्याच्या राजधानीला लागून असलेल्या सिकंदराबादेच्या छावणीत रोनाल्ड रॉस याने २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात या रोगाचे जंतू पाहिले. डास मारला तर ताप जाईल हे तेव्हापासून कळले. पण डास मारायचा कसा, हे पुढची पन्नास वर्षे नीटसे जमले नाही.

दुसऱ्या महायुद्धात डी.डी.टी. हाती आली आणि चित्र पालटले. माणसाला चावून जड झालेला डास घराच्या भिंतीवर विसावतो. भिंतीवर ही भुकटी पाण्यात कालवून फवारली की तो तिथेच मरतो. मुंबई प्रांताच्या मलेरिया खात्याचे डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी युद्धाच्या अखेरीस धारवाड आणि कारवारकडे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून दाखवला. देश स्वतंत्र झाला तेव्हा दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसे त्याने मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५५ मध्ये मेक्सिकोत भरलेल्या जागतिक आरोग्य परिषदेने हिवतापाचे जगातून उच्चाटन करण्याचा ठराव केला आणि १९५८ मध्ये आपल्याही कार्यक्रमाच्या नावातला ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन तिथे ‘निर्मूलन’ आला.

हा शब्द का बदलला, हे पाहण्यासारखे आहे. त्यामागे शास्त्राचे एक कारण होते. डासांत डी.डी.टी. पचवण्याची शक्ती येऊ लागली होती. ती सर्वत्र पसरण्याआधी काम उरकावे, असे तज्ज्ञांना वाटत होते. दुसरे कारण राजकारणाचे होते. तो शीतयुद्धाचा काळ होता. तापाने कण्हणारा गरीब शेतकरी कम्युनिस्टांच्या नादी लागेल, तर तापातून उठलेला शेतकरी अमेरिकेचा मित्र होईल, असा हिशेब वॉशिंग्टनमध्ये उघडपणे मांडला जात होता. १९५४ च्या पी. एल. ४८० कायद्याखाली अमेरिकेचे धान्य आपल्याकडे येई. रेशनवरची लाल मिलो ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तो कायदा जिभेने ठाऊक आहे. त्या धान्याचे जे रुपये इथे जमा होत, त्यांतलाही वाटा या मोहिमेकडे वळवला गेला.

मी हे कोणाची निंदा करण्यासाठी सांगत नाही. मदत स्वार्थाने दिलेली असली तरी वाचलेला जीव वाचलेलाच असतो. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखाच्या आसपास उतरले होते. साडेसात कोटींवरून एक लाख, हे यश लहान नव्हते. तराईच्या जंगलात, जिथे कोणी वस्ती करू धजत नसे, तिथे गावे वसली.

परंतु १९७६ साली तेच रुग्ण चौसष्ट लाखांच्या वर गेले. मधल्या दहा-अकरा वर्षांत काय झाले? डास डी.डी.टी.ला दाद देईनासे झाले, हे एक. परदेशी मदतीचा ओघ आटला, हे दुसरे. जागतिक संघटनेच्या हिवताप-निधीला अमेरिकेने ठराविक वर्षांचे वचन दिले होते. १९६३ नंतर तो हात आखडला. पुढे १९७३ मध्ये खनिज तेल महागले आणि त्याबरोबर कीटकनाशकेही. १९६९ मध्येच जागतिक आरोग्य परिषदेने मान्य केले होते की ठरावीक मुदतीत सर्वत्र निर्मूलन होणे नाही. आणि तिसरे कारण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे. ताप कमी झालेले जिल्हे नेहमीच्या आरोग्यसेवेच्या हवाली करायचे, असे कागदावर ठरले होते. पण कित्येक ठिकाणी ही नेहमीची आरोग्यसेवा अजून उभीच राहिली नव्हती. जी नाही तिच्या ताब्यात काय देणार?

मागे काय उरले, असा आपला दुसरा प्रश्न. भिंतीवरचे पांढरे पट्टे पुढच्या दिवाळीच्या सारवणात गेले. उरला तो पाठीवर पंप घेऊन हिंडणारा हंगामी फवारणी कामगार. अशा एका वृद्ध कामगाराने मला सांगितले होते, “साहेब, डास कायम झाला, आम्ही नाही झालो.” निर्मूलनाच्या मोहिमेत माणूस हंगामी ठेवला जातो, कारण रोग लवकरच संपणार असे गृहीत धरलेले असते. रोग संपत नाही आणि माणूसही कायम होत नाही.

देवी आणि दोन महासत्ता

देवीची गोष्ट याहून वेगळी झाली. आपल्याकडे लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणतात. रोगाचे नाव आणि देवतेचे नाव एकच असल्याने, टोचून घेणे म्हणजे देवीचा कोप ओढवणे असे पुष्कळांना वाटे. हिंदुस्थानात पहिली यशस्वी टोचणी १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला झाली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे टोचणी चालू होती आणि रोगही चालू होता.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरी भरलेल्या जागतिक आरोग्य परिषदेत सोव्हिएट रशियाचे प्रतिनिधी व्हिक्टर झ्डानोव यांनी देवीचे जगातून निर्मूलन करावे असा प्रस्ताव आणला. रशिया १९४९ मध्ये या संघटनेतून निघून गेला होता आणि नुकताच परतला होता. अमेरिकेने हिवताप आपला केला होता. रशियाने देवी पुढे आणली. आपल्या देशी रशियात झाला तेवढा हा रोग साऱ्या जगातून गेला नाही तर तो सीमेवरून परत येतो, ही रशियाची अडचण खरी होती. श्रीमंत देशांचीही तीच अडचण होती. आपल्या देशात रोग नसताना त्यांना प्रत्येक मुलाला टोचत राहावे लागे, प्रत्येक बंदरावर दाखले तपासावे लागत. म्हणजे इथे गरिबाचा धोका आणि श्रीमंताची भीती एकाच रोगापाशी येऊन मिळाली होती. म्हणूनच व्हिएतनामचे युद्ध पेटलेले असताना दोन्ही महासत्ता या एका कामात हातात हात घालून चालल्या. रशियाने लस दिली. जिनिव्हाच्या कचेरीतून मोहीम चालवायला अमेरिकन डॉक्टर डोनाल्ड हेंडरसन आले.

आपल्याकडे १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला रशियन लसच बहुधा वापरली जाई. पुढे पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि आपल्या सीमेवरच्या बेळगावच्या संस्थांत उन्हात न बिघडणारी कोरडी लस तयार होऊ लागली. पण कोट्यवधी टोचण्या होऊनही रोग हटेना. टोचणीचा आकडा वाढवण्यासाठी कर्मचारी जवळच्या शाळेत जाई आणि तीच मुले पुन्हा पुन्हा टोचून येई. वीटभट्टीवरचे, पालावरचे, फाट्यावरचे लोक राहून जात. गिरणीत उत्पादनाचा खोटा आकडा कसा तयार होतो हे मी पाहिलेले असल्याने मला याचे नवल वाटत नाही.

मग रीत बदलली. सगळ्यांना टोचत बसण्याऐवजी रोगी शोधायचा आणि त्याच्या भोवतालच्या घरांना टोचून वेढा घालायचा. १९७३ च्या शरद ऋतूपासून घरोघर शोध सुरू झाला. शोध नीट झाल्याबरोबर लपलेला रोग उजेडात आला आणि १९७४ मध्ये देशात १,८८,००३ रुग्ण आणि ३१,२६२ मृत्यू नोंदले गेले. मे महिन्यात तर सगळेच एकदम आले. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा रेल्वेचा देशव्यापी संप ८ मे रोजी सुरू झाला, १८ मे रोजी पोखरणला अणुस्फोट झाला आणि त्याच सुमारास बिहारातल्या देवीच्या बातम्या परदेशी वर्तमानपत्रांत झळकल्या. संपाने आणि पेट्रोलच्या टंचाईने शोधपथकांची फार अडचण झाली. मी संपांचा माणूस आहे. तरीही हे नमूद करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

रोगी दाखवणाऱ्यास बक्षीस ठेवले, ते वाढत वाढत १००० रुपयांवर गेले. काही ठिकाणी रात्री-अपरात्री घरात शिरून, हातपाय धरून माणसांना टोचले गेले, हेही घडले आणि त्याचा विसर पडता कामा नये. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात सापडला. १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी जग.

हे माणसाने मिळवलेले फार मोठे यश आहे, आणि ते पायी हिंडणाऱ्यांचे यश आहे. पण मागे काय उरले? आमच्या पिढीच्या दंडावरचे वण. मोहिमेने एक रोग नेला. ज्या गावातून नेला त्या गावाला तिने दवाखाना दिला नाही, पाणी दिले नाही. ते तिचे कामही नव्हते. १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशीनुसार देवी आणि हिवतापाचे कर्मचारी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी झाले, एवढाच तिचा वारसा गावाच्या वाट्याला आला.

नारू आणि हापसा

आता नारूकडे येतो. नारूचे कोडे शास्त्राने फार पूर्वी सोडवले होते. रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को याने १८७० च्या सुमारास दाखवले की पाण्यातल्या एका सूक्ष्म पिसवेवजा जीवाच्या पोटात या जंताची पिल्ले वाढतात. ते पाणी माणूस पितो. सुमारे वर्षभर जंत शरीरात वाढतो, हात-दोन हात लांब होतो आणि बहुधा पायातून बाहेर पडू लागतो. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि जंत आपली पिल्ले पुन्हा पाण्यात सोडतो. चक्र पुरे झाले.

आपल्या भागातली बारव डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते. बायका घागर घेऊन पायऱ्यांनी खाली उतरतात, घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवतात. तिथे जखमेचा पाय आणि पिण्याचे पाणी यांची गाठ पडते. ज्यांना गावच्या विहिरीवर चढूच दिले जात नव्हते त्यांच्या नशिबी तर याहूनही वाईट पाणी, ओढ्यातला झरा किंवा डबके. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. पाण्याचा हक्क हा आरोग्याचाही हक्क आहे, ही गोष्ट त्या चवदार तळ्याने डॉक्टरांच्या आधी सांगितली होती.

इतके ठाऊक असूनही नारूविरुद्ध राष्ट्रीय मोहीम निघायला १९८३-८४ साल उजाडावे लागले. शंभराहून अधिक वर्षे! कारण नारूने सहसा कोणी मरत नाही. तो बोटीत बसून लंडनला किंवा न्यूयॉर्कला साथ पसरवत नाही. तो फौजेला थांबवत नाही, चहाच्या मळ्यांना तोटा देत नाही. तो कोरडवाहू शेतकऱ्याला आणि मजुराला पेरणीच्या दिवसांत अंथरुणात पाडतो. त्याची भीती वाटावी असे कोणी जिनिव्हात नव्हते आणि दिल्लीतही फारसे नव्हते. कोणता रोग ‘जागतिक’ आणि कोणता गावठी, हे जंतू ठरवत नाही. भिणाऱ्याचे वजन ठरवते.

मोहीम निघण्याआधीच तिचे हत्यार आपल्या मराठवाड्यात घडू लागले होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात खोल विंधनविहिरी घेण्याचे यंत्र साठीच्या दशकात आले. पण वर बसवायचे बिडाचे हातपंप युरोपातल्या एका कुटुंबाने वापरायचे, त्या घाटाचे होते. साऱ्या गावाने दिवसभर हापसल्यावर ते मोडून पडत. तेव्हा जालन्याला मिशनऱ्यांच्या पाणीकामात पोलादाचा नवा पंप तयार झाला. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातच होते. तीच कल्पना सोलापुरात आणखी मजबूत झाली, आणि तो सोलापुरी पंप एका स्वतःच शिकलेल्या कारागिराच्या हातचा होता असे सांगतात. १९७२ चा दुष्काळ पडला, खडी फोडणाऱ्या माणसाला प्यायलाही पाणी नाही अशी स्थिती आली, तेव्हा अशा विंधनविहिरींचे मोल सगळ्यांना कळले. सत्तरीच्या उत्तरार्धात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याने मिळून सोलापुरी पंपावरून ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप सिद्ध केला. तोच आपला हापसा. तो पुढे लाखोंनी बसला आणि आफ्रिकेपर्यंत गेला.

मोहिमेत औषध नव्हते, लसही नव्हती. नारूवर ती आजही नाही. मग होते काय? बारवेच्या पायऱ्या बंद करून तिचा आड करायचा, म्हणजे कोणाचा पाय पाण्याला लागणार नाही आणि पोहऱ्याने शेंदूनच पाणी काढावे लागेल. पाणी दुपदरी फडक्यातून गाळायचे. विहिरीत टेमेफॉस टाकायचे. शक्य तिथे हापसा बसवायचा. आणि वर्षातून अनेकदा घरोघर जाऊन विचारायचे, ‘कोणाला नारू निघाला आहे का?’ १९८४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत मिळून सुमारे चाळीस हजार रुग्ण मोजले गेले. १९९६ च्या जुलैत राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला.

यात परदेशी हात नव्हता असे नाही. युनिसेफ होती, राजस्थानात स्वीडनची मदत होती, जालन्याला मिशनरी होते. पण मोहीम मुख्यतः आपल्या पैशाने आणि आपल्या माणसांनी चालली. मोहीम उठली तेव्हा नारू गेला, आणि हापसा राहिला. त्या पाण्याने नारूबरोबर हगवणीलाही थोडा पायबंद घातला, बाईच्या डोक्यावरचे कोसभराचे ओझे थोडे हलके केले. दलित वस्तीत जिथे हापसा बसला, तिथे पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीकडे पाहणे थांबले. पाटलाच्या वाड्यासमोरच जिथे बसला, तिथे ते थांबले नाही. हेही खरेच.

उपसंहार

तेव्हा जागतिक संघटना नको, असे म्हणावे काय? नाही. तिच्याविना देवी गेली नसती. पोलिओही गेला नसता. आपल्याकडचा त्याचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. नारू २०२४ मध्ये साऱ्या जगात अवघ्या १५ माणसांत आढळला, हेही देशोदेशींच्या सहकार्याचे फळ आहे. परंतु २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली आणि त्याच वर्षी अमेरिकेची परदेशी मदत एका फटक्यात कापली गेली, तेव्हा मला १९६३ ची आठवण झाली. दुसऱ्याच्या भीतीवर उभी राहिलेली मोहीम त्याची भीती सरताच बसते. खाली स्वतःची पक्की आरोग्यसेवा असेल तरच ती तगते.

आणि ती सेवा म्हणजे माणसे. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आशा कार्यकर्त्यांचा जिनिव्हात गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशा भगिनी मोबदल्यासाठी संपावर होत्या. सरकारदरबारी त्या कामगार नव्हेत, स्वयंसेविका आहेत. पंप पाठीवर घेणाऱ्या त्या वृद्धाला हंगामी म्हणत, हिला स्वयंसेविका म्हणतात. शब्द तेवढा बदलला.

शेवटी आपल्या शहराविषयी एक गोष्ट सांगून थांबतो. मलिक अंबराने चारशे वर्षांपूर्वी खापराच्या नळांतून या शहरात पाणी खेळवले. अलीकडची कित्येक वर्षे मात्र याच शहराच्या वस्त्यांनी नळाचे पाणी आठ-आठ दिवसांनी पाहिले आहे. आठ दिवसांचे पाणी साठवायचे म्हणजे दारात पिंप आले; पिंपात डास आला; डासाबरोबर डेंग्यू आला. धूर फवारणारी गाडी गल्लीतून जाते, आपण दारे लावून घेतो आणि गाडी गेल्यावर पुन्हा पिंप भरायला लागतो. माझे चुलते जन्मभर थोडे लंगडत चालले. गावात हापसा बसला त्या दिवशी ते काठी टेकत तिथवर गेले, दांडा स्वतः दाबला, ओंजळभर पाणी प्यायले आणि म्हणाले, “हे आधी आलं असतं तर?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. ते आपणा सर्वांवर सोपवून मी आपली रजा घेतो.